वाचकांचे प्रश्न: देव मानत नाही, मग ज्यू कशी?

प्रश्न: माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी आहे, घरी मराठीच बोलतात, आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. देवबिव मानत नाही असं ती सरळ सांगते, सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, वर्षातून एखाद वेळेस जाते. परवा एक फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात तिने ‘ज्यू’ लिहिलं. मी म्हटलं, मानत नाहीस तर लिहितेस कशाला? तर ती दुखावली. ज्यू हा धर्म आहे की वंश, आणि माझं काय चुकलं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ती दुखावली ते साहजिक आहे हो, कारण तुम्ही विचारलंत देवाबद्दल आणि तिला ऐकू आलं असणार की तू आपल्या माणसांतली नाहीसच.

आपल्याकडचंच एक जुनं नाव बघा. कोकणात अलिबाग, रोहा, पेण पट्ट्यात हे बेने इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून तेव्हा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाववाले त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. या दोन शब्दांतच तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं, शनिवार म्हणजे धर्म, तेली म्हणजे जात, आणि गावाला ते वेगळं करायची कधी गरजच पडली नाही. त्यांची आठवण अशी की नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, त्यांचीच पुढे ही वस्ती झाली. बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटला, हिब्रू विसरली, पण शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खाणं आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढं राहिलं. डेव्हिड रहाबी नावाच्या माणसाने याच खुणांवरून त्यांना ओळखलं असं समाजात सांगतात.

आता याच लोकांना इस्रायलला गेल्यावर काय ऐकावं लागलं ते बघा. १९६० च्या सुमारास तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या लग्नांवर शंका घेतली. इतकी शतकं तुटलेले होते, मधे बाहेरच्यांशी लग्नं झाली असतील, घटस्फोट ज्यू कायद्याप्रमाणे झाले नसतील, म्हणून लग्नाआधी आई, आजी, पणजी अशी चौकशी करायची असं ठरलं. शनिवार पाळण्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं, विचारत होते पणजी कोण होती ते! मला हे आजही वाचताना राग येतो. या लोकांनी १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, जाहीर करावं लागलं की बेने इस्रायली हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत.

आणि अगदी उलटी केस १९६२ ची. ब्रदर डॅनियल, मूळचे ऑस्वाल्ड रुफायझन, पोलंडच्या ज्यू घरात जन्मलेले, नाझींच्या काळात जिवावर उदार होऊन त्यांनी कितीतरी ज्यू वाचवले, स्वतः एका कॉन्व्हेंटमध्ये लपले आणि तिथे कॅथलिक झाले, पुढे संन्यासी. इस्रायलमध्ये ज्यूंना ज्यू म्हणून नागरिकत्व देणारा कायदा आहे, त्याखाली त्यांनी नागरिकत्व मागितलं. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू म्हणजे मुलगा ज्यू, धर्म बदलला तरी. पण तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, सामान्य ज्यू माणूस कॅथलिक साधूला ज्यू म्हणणार नाही, आणि त्यांना त्या कायद्याखाली नागरिकत्व मिळालं नाही. म्हणजे देव न मानणारा चालतो पण दुसऱ्या धर्मात गेलेला चालत नाही! १९७० मध्ये त्या कायद्यातच ज्यू कोण याची व्याख्या आली: आई ज्यू किंवा रीतसर ज्यू झालेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला.

म्हणून नुसता धर्म म्हटलं तरी चुकतं, नुसता वंश म्हटलं तरी चुकतं. आपल्या मराठीत ‘समाज’ हा शब्द आहे ना, तो मला त्यातल्या त्यात बरोबर वाटतो. ठाण्याला आमच्या शेजारच्या ज्यू काकू दारातून आत येताना चौकटीवरच्या छोट्या डबीला, मेझुझाला, बोटं लावून ती ओठांना लावायच्या, आणि त्यांचा मुलगा, जो कट्टर नास्तिक होता, तोही हातात भाजीची पिशवी असली तरी बोट लावल्याशिवाय आत यायचा नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, आमच्यात असं करतात. ‘आमच्यात’ हा शब्द मला कायम लक्षात राहिलाय.

आणि फॉर्मचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याक दर्जा दिला, सरकारी कागदावर त्यांना रकानाच तेवढा आहे, तिने त्यात दुसरं काय लिहायचं? तिला सॉरी म्हणा आणि तिच्या आजीबद्दल विचारा, ती भरभरून बोलेल.

प्रश्न: माझा भाऊ बेने इस्रायली मुलीशी लग्न करतोय. मुलं ज्यू होणार का? भावाला ज्यू व्हायचं असेल तर? – एक वाचक, पुणे

उत्तर: आई ज्यू आहे म्हणजे परंपरेप्रमाणे मुलं ज्यू, भावाने काही केलं नाही तरी. उलटं असतं, म्हणजे मुलगा ज्यू आणि मुलगी हिंदू, तर पारंपरिक रब्बींनी मानलं नसतं. अमेरिकेतल्या ज्यूंच्या रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, पंथाने १९८३ पासून वडिलांकडूनही मानायला सुरुवात केली, मूल ज्यू म्हणून वाढवलं असेल तर, पण ते सगळ्यांना मान्य नाही.

भावाला व्हायचं असेल तर होता येतं, पण ज्यू लोक कुणाला बोलवायला जात नाहीत. अभ्यास, रब्बींच्या कोर्टापुढे हजेरी, सुंता, विधीचं स्नान, हे सगळं आहे, वेळ लागतो. त्यांच्या ग्रंथात रूथ नावाची परकी सून आहे, नवरा वारल्यावर ती सासूला सोडून जात नाही, म्हणते तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. लोक आधी आणि देव नंतर! आणि याच रूथचा पणतू म्हणजे दावीद राजा.

तेव्हा भावाला सांगा, धर्म बदलायचा की नाही हे लग्नाच्या गडबडीत ठरवू नको, आधी तिच्या घरच्या मलिद्याला, म्हणजे त्यांच्या आभाराच्या विधीला, जाऊन बस. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन आभार मानतात. नंतर सगळ्यांना प्रसाद वाटतात, तो त्यालाही मिळेल.