जुन्या फोनवरच ‘नेटवर्क एरर’ येतोय? आधी एजंटांना दिलेला तो निरोप मागे घ्या

कराडच्या पतसंस्थेच्या पिग्मी ॲपबद्दलची तुमची पोस्ट काल रात्री वाचली. नव्या फोनवर सगळं सुरळीत, जुन्या फोनवाल्या पाच-सहा एजंटांनाच ‘नेटवर्क एरर’. महिन्यापूर्वी सर्व्हर बदललाय. मॅनेजर म्हणतात जुने फोन फेकून द्यायला सांगा, आणि तुम्ही विचारताय की मिन एसडीके (ॲप चालायला लागणारी किमान अँड्रॉइड; २१ म्हणजे ५.०, २४ म्हणजे ७.०, २६ म्हणजे ८.०) २१ वरून सरळ २६ करून विषय संपवावा का. त्याचं उत्तर खाली देतोच. पण पोस्टच्या शेवटी तुम्ही जाताजाता लिहिलंय, ‘एजंटांना ॲप काढून परत टाकायला सांगितलंय, सोमवारी बघू.’

ते आत्ताच्या आत्ता थांबवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागणार नाही, एकेकाला फोन करा. मग पुढचं वाचा.

मी सांगलीत, विश्रामबागेत, दोन माणसांचं छोटं काम चालवतो. आमचं एक ॲप दूध संकलन केंद्रांवर चालतं: सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दहा दिवसांचं बिल. गावात रेंजचा भरवसा नाही म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठते आणि नेट मिळालं की वर जाते. तुमच्या पिग्मीचंही असंच असणार, कारण एजंट बाजारपेठेत फिरत असतो.

मार्च २०२४ मध्ये एका सकाळी केंद्रांवरून फोन यायला लागले. ॲप म्हणतंय ‘इंटरनेट तपासा’. हा संदेश माझाच होता. कुठलाही एक्सेप्शन, म्हणजे चूक, आला की पकडायचा आणि ‘इंटरनेट तपासा’ दाखवायचं, हे मी आळसाने केलेलं. लोकांनी खरोखर इंटरनेट तपासलं. दोघांनी नवा रिचार्ज मारला, एकाने सिम बदललं. खरी चूक लॉगमध्ये स्पष्ट होती, ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’, म्हणजे सर्टिफिकेटचं मूळ फोनला सापडेना, पण लॉग बघायला तो फोन हातात पाहिजे, आणि तो पलूसच्या पुढच्या एका गावात दुधाच्या कॅनवर ठेवलेला.

काय झालं होतं ते थोडक्यात. आमचा सर्व्हर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, वापरायचा. त्यांचं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर फोन बाकीची ओळखपत्रं मानतो), आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइड ७.१.१ पासून पुढेच फोनमध्ये असतं. त्याआधीचे फोन एका जुन्या मुळावर, डीएसटी रूट सीए एक्स३ वर, चालायचे. ते मूळ ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, पण अँड्रॉइड मुळाची मुदत बघतच नाही. म्हणून नव्या मुळावर त्याची सही असलेली जोडसाखळी लावून जुने फोन आणखी तीन वर्षं तगवले. ८ फेब्रुवारी २०२४ पासून ती जोडसाखळी आपोआप मिळणं थांबलं, ६ जूनपासून मागूनही मिळेना, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिची मुदतच संपली. सर्टिफिकेट ९० दिवसांचं, त्यामुळे प्रत्येक सर्व्हर आपापल्या नूतनीकरणाच्या दिवशी पडला. आमचा मार्चमध्ये, रात्रीतून. कोडमध्ये कोणी एक अक्षर बदललं नव्हतं, आणि मी चार दिवस कोडच धुंडाळत होतो.

तुमचं दुखणं हेच आहे असं मी छातीठोक सांगत नाही. पण जुना सर्व्हर विकतच्या सर्टिफिकेटवर असेल आणि नव्या होस्टिंगवाल्याने फुकटचं लावलं असेल, तर पैज लावायला मी तयार आहे. तपासायला दोन मिनिटं लागतात. आधी त्या फोनची तारीख बघा. बॅटरी मेलेल्या फोनची तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं. तारीख बरोबर असेल तर त्याच फोनवर चालेल अशी फायरफॉक्सची जुनी आवृत्ती टाकून सर्व्हरचा पत्ता उघडा. फायरफॉक्स स्वतःची मुळं सोबत घेऊन फिरतो, फोनची वापरत नाही. तिथे उघडलं आणि ॲपमध्ये नाही, तर दुखणं बहुतेक सर्टिफिकेटचंच.

आता माझी घोडचूक. हे सगळं व्हायच्या तीन आठवडे आधी मी एक अपडेट सोडली होती. शेतकऱ्याच्या कार्डवरचा क्यूआर वाचायला एक लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेतली, ती म्हणाली किमान २४ पाहिजे. मी २१ चे २४ केले. अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲप जगातल्या किती टक्के फोनवर चालेल त्याचा तक्ता असतो; तो २४ पुढे नव्वदीच्या वरचा आकडा दाखवतो, तो बघून खूश झालो. प्ले कन्सोलने (जिथून ॲप प्ले स्टोअरवर चढवतात) पिवळी सूचना दिली की इतकी उपकरणं यापुढे सुटतील. मी पुढे दाबलं. जुन्या फोनवर जुनी आवृत्ती तशीच चालत राहिली, त्यामुळे तीन आठवडे कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

मग सर्टिफिकेट पडलं, आणि मी फोनवर फोन घेत सगळ्यांना एकच सांगत सुटलो, ‘ॲप काढून टाका, प्ले स्टोअरवरून परत घ्या.’

जुन्या फोनवर ते परत येतच नाही. ‘तुमचं उपकरण या आवृत्तीशी जुळत नाही’, बास. आणि काढल्याबरोबर फोनमधल्या वर न गेलेल्या नोंदीही गेल्या. तीन केंद्रांनी माझं ऐकलं. बाकीच्यांनी ऐकलं नाही म्हणून वाचलो. चौथ्या केंद्रावरच्या पोराला मी चिडून विचारलंही होतं की अजून का काढलं नाही. तो म्हणाला, ‘सर, सकाळच्या दुधाची गर्दी होती.’ त्या गर्दीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

त्या तीन केंद्रांची चार दिवसांची, म्हणजे आठ पाळ्यांची नोंद गेली. दहा दिवसांचं बिल तोंडावर. मग मी आणि माझा भागीदार मोटारसायकल काढून केंद्रावर जाऊन बसलो. पत्र्याच्या शेडमध्ये, फॅट मशीनच्या शेजारी, वही घेऊन. शेतकऱ्याकडे मशीनची छोटी पावती असते, ती मागवली. थर्मल कागद कसा असतो माहीत आहे ना? उन्हात ठेवला की पांढरा, घामाच्या खिशात ठेवला की करडा. एका आजींनी पदराच्या गाठीतून सात पावत्या काढल्या, म्हशीच्या दुधाच्या. मी एकेक तिरकी धरून दारातल्या उजेडात बघत होतो. फॅट ६.८ दिसतंय, पुढचं लिटर नाही. एकीवर लिटर आहे, तारीख नाही. आजी म्हणाल्या, ‘तुम्हीच म्हणालासा नव्हं पोराला, काढून टाक म्हणून?’ उत्तर नव्हतं. ज्यांचं जुळेना त्यांना आधीच्या आठवड्याची सरासरी धरून बिल दिलं, आणि दोघातिघांच्या फरकाचे पैसे मी खिशातून भरले. आकडा मोठा नव्हता. पण त्या गावात आजही ‘ते ॲपवालं’ म्हटलं की लोक हसतात.

तुमच्याकडे दूध नाही, रोकड आहे. एजंटाने दुकानदाराकडून पैसे घेतले, ॲपमध्ये नोंद केली, नोंद वर गेली नाही, आणि तुमच्या सांगण्यावरून ॲप काढलं. आता दुकानदाराच्या पिग्मीचा हिशोब कोण देणार?

या काळात आणखी एका ठिकाणी वेळ गेला, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्व्हर आमच्या ताब्यात नव्हता, गिऱ्हाइकाने एका तिसऱ्या कार्यालयाकडे सोपवलेला. नाव घेत नाही. मार्चमध्ये जोडसाखळी मागून अजून मिळत होती, सर्टबॉटला (सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामला) पसंतीची साखळी सांगणारी एक ओळ जोडायची, संपलं. मी तीच ओळ लिहून पाठवली. उत्तर आलं, ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’, सोबत त्यांच्या नव्याकोऱ्या फोनवर साइट उघडल्याचा स्क्रीनशॉट. परत लिहिलं, तर ‘लेटरहेडवर अर्ज द्या’. अर्ज दिला. अर्जावर सही कोणाची हवी यात पाच दिवस गेले. शेवटी ज्यांनी अर्ज घेतला त्यांची बदली झाली. तो अर्ज बहुधा अजून कुठल्यातरी फायलीत असेल. तुम्हाला मात्र आता तो मार्गही नाही, ती साखळीच संपली.

म्हणून उपाय ॲपमध्येच करायचा. आयएसआरजी रूट एक्स१ ॲपसोबत द्या, ते २०३५ पर्यंत चालतं. इथे एक सापळा आहे, मी त्यात पडलोय. कोणती मुळं मानायची ते सांगणारी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगची एक्सएमएल फाइल अँड्रॉइड ७.० पासूनच वाचली जाते. माझ्या खणातला एकमेव जुना फोन नेमका ७.० चा, त्यावर मस्त चालली, मी टाळ्या वाजवल्या. ५.१ आणि ६.० वाल्यांसाठी ती फाइल असून नसून सारखीच. त्यांना ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीच्या टीएलएस मॉड्यूलमधला हँडशेक सर्टिफिकेट्स वापरा: आपलं मूळ जोडा आणि फोनची मुळंही राहू द्या. दहा ओळींचं काम आहे. इंटरनेटवर ‘सगळ्यांवर विश्वास ठेव’ छापाचा ट्रस्ट मॅनेजर सापडेल, शंभर जण तोच सांगतील. पैशाच्या ॲपमध्ये तो घालणाऱ्याशी मी बोलत नाही. प्ले स्टोअरही असलं ॲप अडवतं.

फाइल हाताने पोचवायची वेळ आली, तर स्वतःच्या मशीनवर बनवलेली एपीके (ॲपची फाइल) देऊ नका. प्ले ॲप सायनिंग (ॲपवर गूगलने सही करणं) चालू असेल तर सही जुळणार नाही, जुनं काढल्याशिवाय नवं बसणार नाही, आणि काढलं की पुन्हा तेच रामायण. प्ले कन्सोलमध्ये ॲप बंडल एक्सप्लोररच्या डाउनलोड विभागात गूगलच्या सहीची युनिव्हर्सल एपीके मिळते. ती द्या, आधीच्या ॲपवरच बसते, डेटा राहतो.

आता २१ की २६. तुमचे मॅनेजर ‘गूगलच नवीन आवृत्ती सक्तीची करतंय’ म्हणतात, ती सक्ती टार्गेटची, म्हणजे ॲप ज्या आवृत्तीला धरून घडवलं तिच्या आकड्याची, आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेटला किमान टार्गेट ३५ लागू झाला. मिनशी त्याचा संबंध नाही, टार्गेट ३५ आणि मिन २१ एकाच ॲपमध्ये सुखाने नांदतात. खरी ओढ लायब्रऱ्यांची असते: गूगलच्या अँड्रॉइडएक्सने २०२५ मध्ये नव्या आवृत्त्यांसाठी २३ धरला, रिॲक्ट नेटिव्हने ०.७६ पासून २४. २१ धरून बसायचं म्हणजे लायब्रऱ्या जुन्या गोठवायच्या, आणि त्याचं दुखणं दोन वर्षांनी निघतं. २६ चा फायदा म्हणजे जावा टाइम (तारीख-वेळेचा तयार कोड) थेट मिळतो, पण तो डीशुगरिंगनेही, म्हणजे ॲप बनवतानाच जुन्या फोनसाठी आत घालून, मिळतो. तेवढ्यासाठी माणसं सोडू नका.

माझं मत (फक्त माझं, आणि फक्त अँड्रॉइडपुरतं, आयफोनचं मला कळत नाही): जगाचा तक्ता बघू नका, आणि नुसते फोनही मोजू नका. आमच्याकडे १४० पैकी ११ फोन जुने होते, म्हणजे आठ टक्के. पण हे अकरा केंद्रांवरचे फोन, एकेका फोनमागे पन्नास-साठ घरांचं दूध. उरलेल्यांतले बरेचसे नुसतं बिल बघणाऱ्या शेतकऱ्यांचे. आपल्याकडे फोन घरात खाली उतरत येतो: पोराने नवा घेतला की जुना बापाकडे, आणि केंद्रावर बसतो तो बाप. तुमचे सगळ्यात जास्त खाती असलेले, वीस वर्षं तोच बाजार करणारे एजंट कोणते फोन वापरतात ते बघा. प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये एसडीकेचा आकडा पाठवा, महिन्याभरात रुपयांच्या हिशोबाने चित्र दिसेल.

मॅनेजरांचं एक म्हणणं मला पटतं. ५.१ च्या फोनला कित्येक वर्षांत सुरक्षेचा पॅच आलेला नाही, त्यावर लोकांचा पैसा फिरवावा का, हा प्रश्न रास्त आहे. पण मग फोन संस्थेने घेऊन द्यावा. कमिशनवर जगणाऱ्या माणसाला ‘फेकून दे’ म्हणायला काय जातं? आणि ठरलंच, तर मिन वाढवायच्या आधी जुन्या आवृत्तीत ‘अमुक तारखेनंतर हा फोन चालणार नाही’ अशी पाटी दाखवणारी अपडेट सोडा. कन्सोलमध्ये त्याच रिलीजला जुना बंडलही (ॲपची आधीची फाइल) जुन्या फोनांसाठी ठेवता येतो, नव्याचा व्हर्जन कोड मोठा हवा. मला हे उशिरा कळलं.

विषय निघालाच आहे तर, फोनची भाषा मराठी ठेवणारे एजंट असतील तर स्ट्रिंग फॉरमॅटने आकडे कुठे जोडताय ते एकदा बघा. मराठी लोकेलमध्ये तो १२५० असे देवनागरी आकडे काढतो, आणि बिचारा सर्व्हर त्याला अक्षरं समजतो. सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक ठिकाणी लोकेल रूट द्या. तसंच शोधात ‘कऱ्हाडकर’ सापडत नसेल तर ऱ्ह दोन तऱ्हेने टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. साठवतानाच एकसारखा करून घ्या. तुमच्या यादीत कऱ्हाडकर असणारच.

तर सोमवारच्या आत एवढं करा: प्रत्येक एजंटाला ‘फोनबद्दल’ या स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगा, आवृत्तीचा आकडा त्यात असतो, तोंडी विचारलात तर ते कंपनीचं नाव सांगतील. वर न गेलेल्या नोंदी ॲपमध्ये दिसत असतील तर त्याही स्क्रीनचा फोटो मागवा. ज्या कोणी आधीच ॲप काढलं असेल त्याच्याकडच्या पावत्या आजच गोळा करा, थर्मलच्या असतील तर आधी फोटो काढून ठेवा. आणि लॉगमधली ती एक ओळ सापडली तर इथे टाका, मी रात्री नऊनंतर बघतो.