हार्वेस्टमनची नवी प्रजाती: हे काम शिकायचं कुठून?

प्रश्न: मी साताऱ्यात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या हार्वेस्टमनच्या, म्हणजे कोळ्यासारख्या दिसणाऱ्या लांब पायांच्या प्राण्याच्या, नव्या प्रजातीला नाव दिल्याचं वाचलं. मला असं काम करता येईल का?

उत्तर: येईल. आधी शब्द नीट धर. बातम्यांत स्पीशीजला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. जाती जंगलात सापडते. प्रजाती सिद्ध करायला संग्रहालयातल्या जतन केलेल्या नमुन्यांच्या जुन्या बाटल्याच उघडाव्या लागतात.

गेल्या शतकात जर्मनीचे रोएवर आणि ब्राझीलचे मेलो-लेताओ यांनी पायाच्या टोकाचे सांधे आणि पाठीवरचे काटे मोजून ढीगभर प्रजाती केल्या. हे आकडे एकाच जातीतही बदलतात, म्हणून त्यांतल्या कित्येक पुढे रद्द झाल्या. आता भिस्त नराच्या शिश्नावर. पोटाखालचं झाकण बारीक चिमट्याने उचलून ते काढायचं, लॅक्टिक आम्लात पारदर्शक करायचं आणि टोकाच्या पट्टिकेवरचे राठ केस किती, कुठे ते रेखाटायचं. घाईत केस तुटतो आणि तो मुळातच नव्हता असं वाटतं. म्हणून केसाच्या बुडाची खळगी शोधायची. हाती नुसती मादी किंवा पिल्लू असेल तर थांबायचं.

नावातही काम अडतं. तू नव्या प्रजातीला ठरवलेलं नाव एखाद्या माशाच्या प्रजातीला आधी दिलेलं असलं तरी बाद. नमुना-जाती, म्हणजे प्रजातीच्या नावाला आधार असलेली जाती, ठरवली नाही तर नाव ग्राह्यच नाही. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी आणि तिचा उल्लेख लेखातच हवा.

चित्रकला मनापासून शिक. 2 सप्टेंबर 2018 ला रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि मेलो-लेताओंचे तिथले मूळ नमुने गेले. आता जुनी रेखाटनं आणि फोटो हाच आधार.

एम.एस्सी.नंतर नेट, मग पीएच.डी. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आहे, पण वर्गीकरणाच्या जागा थोड्याच निघतात. हे घरी आधीच सांगून ठेव. ब्राझीलच्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं. मेलो-लेताओंचे निबंध पोर्तुगीजमध्ये आहेत आणि ती भाषा गोवा विद्यापीठात शिकवतात.

संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय एकही प्राणी उचलू नकोस. या सुट्टीत कॉलेजच्या संग्रहातले दहा हार्वेस्टमन मागून घे, स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली दोन्ही बाजूंच्या पायांचे टोकाचे सांधे मोज आणि वहीत लिही. डावा-उजवा आकडा जुळला नाही तर खाडाखोड करू नकोस.