मांजरीच्या बीपीची पाव गोळी, आणि ती कुठे फसते

मनी १३ वर्षांची, वजन ३.८ किलो, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ३.२, बीपी १९०. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन २.५ ची पाव गोळी आणि सोबत टेल्मिसार्टन (बीपी उतरवणारं आणि लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करणारं औषध) लिहून दिलंय. दोन्ही आजपासूनच सुरू करायची का, आणि कापताना गोळीचा भुगा होतो त्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

ॲम्लोडिपिनचा डोस बरोबर आहे. ५ किलोच्या आतल्या मांजरीला सुरुवात ०.६२५ मिग्रॅ, दिवसातून एकदा. पण आधी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. 'एस-ॲम्लोडिपिन' लिहिलं असेल तर हिशेब बदलतो: तिची २.५ म्हणजे साधी ५, त्यामुळे तिची पाव दिलीत की मनीला दुप्पट डोस गेला. नावाला एटी, एएम, एच असं शेपूट असेल तर गोळीत दुसरंही औषध आहे. ती परत करा. दुकानात 'बीपीची २.५ द्या' एवढंच म्हटलं की माणसांना जी जाते तीच हातात पडते.

गोळी पिल कटरनेच कापा. आधी दोन अर्ध्या, मग अर्ध्याचे दोन. भुगा होत असेल तर बहुधा पातं बोथट झालंय. चार तुकडे सारखे निघणार नाहीत, पण चारही लागोपाठच्या चार दिवसांत संपवा, तेवढ्याने बिघडत नाही. एका वेळी एकच गोळी कापा आणि तुकडे उजेड-ओलीपासून दूर ठेवा. ५ ची गोळी घेऊन आठ भाग करायच्या फंदात पडू नका.

तुकडा जिभेच्या मुळाशी ठेवा आणि लगेच सिरिंजने गालाच्या कडेने ३-४ मिली पाणी सावकाश सोडा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. किडनीच्या आजारासाठीच्या खास खाण्यात अजिबात मिसळू नका. चव कळली की मनी ते खाणंच टाकेल, मग दुसरं काय खायला घालणार?

टेल्मिसार्टन त्याच दिवशी नको, असं माझं मत. डॉक्टरांशी बोलून घ्या. दोन्ही एकदम सुरू केली आणि मनी मलूल झाली, तर कशामुळे ते कळत नाही. शिवाय शरीरात पाणी कमी असताना (हिरड्या चिकट, खाणं-पिणं कमी) हे औषध किडनीवर ताण आणतं. आधी पाण्याची भरपाई, मग औषध. ते सुरू केल्यावर १-२ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं, म्हणजे तुमच्याकडे साधारण ४.१ पर्यंत, तर सहसा चालतं. त्यापुढे डोसचा फेरविचार. उलट्या-जुलाब लागले तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. लघवीतलं प्रोटीन (यूपीसी) ०.४ च्या वर असेल तर या औषधाचा खरा उपयोग. माणसांची टेल्मिसार्टनची गोळी हवेतली ओल शोषते, कापून ठेवायच्या कामाची नाही. मांजरांचं द्रावण (१ मिलीत ४ मिग्रॅ) मिळालं तर तेच घ्या.

७ ते १० दिवसांनी बीपी पुन्हा मोजा. १६० च्या खाली यायला हवं. तसंच राहिलं तर डॉक्टर बहुधा डोस १.२५ करतील. उलट १२० च्या खाली जाऊन ती सुस्त वाटली तर तो कमी करावा लागतो. मोजायच्या आधी मांजरीला ५-१० मिनिटं शांत बसू द्या, कुत्र्यांच्या भुंकण्यात नाही. पायाला गुंडाळायच्या बीपीच्या पट्ट्याची (कफ) रुंदी पायाच्या घेराच्या ३०-४० टक्के हवी. अरुंद कफ आकडा फुगवतो. पहिलं रीडिंग सोडून पुढच्या ५-७ ची सरासरी धरा.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

आणि १९० वर डोळ्यांचा पडदा सुटू शकतो. लख्ख उजेडातही बुबुळं मोठी काळी दिसली, किंवा मनी दाराच्या चौकटीला धडकली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी घेऊन जा.