चिनी फिटर, स्वीडिश गिऱ्हाईक आणि मधलं इंग्रजी

भावा, तुझा प्रश्न आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत तुमच्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, साचे बनवणारं चिनी मोल्डिंग मशीन बसतंय आणि ते चालू करून द्यायला तिकडचा फिटर येतोय. त्याच आठवड्यात स्वीडनचं गिऱ्हाईक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बघायला येणार. त्यांच्या इंजिनिअरचं इंग्रजी फर्डं, पण सोबतचा जुना मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, स्वीडिशच बोलतो, आणि पसंत-नापसंत त्याच्याच हातात. फोनवर चिनी–स्वीडिश थेट भाषांतर लावलं तर भागेल का?

भागतं. गोकुळ शिरगावात आम्ही असेच आठ दिवस काढलेत, असाच एक चिनी फिटर आणि एक स्वीडिश म्हातारा घेऊन. पण त्या 'थेट' शब्दावर जाऊ नकोस.

ही सॉफ्टवेअरं दोन भाषांतला जोडीचा मजकूर वाचून शिकतात. चिनी ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक, त्यामुळं चिनी–इंग्रजी मजकूर ढिगानं. स्वीडन 1995 मध्ये युरोपीय संघात गेला, त्यामुळं स्वीडिश–इंग्रजीही भरपूर. चिनी–स्वीडिश मात्र त्या मानानं चिमूटभर. म्हणून बरीच ॲपं गुपचूप आधी इंग्रजी करतात आणि त्या इंग्रजीचं पुढचं भाषांतर तुला देतात. मधलं इंग्रजी दिसत नाही, आणि गळती तिथंच होते.

एका रात्री जेवताना आमचा चिनी फिटर पोरगा सांगत होता की भट्टीचं काम त्याला मामानं शिकवलं. चिनीत मामा 'ज्यौज्यौ', धाकटा काका 'शूशू'. स्वीडिशमध्ये मामा 'मूरब्रूर', काका 'फारब्रूर'. दोन्हीकडं आपल्यासारखंच वेगळं नातं. पण वाटेत इंग्रजीचा 'अंकल' बसला आणि मामा पलीकडं काका होऊन निघाला. दुसऱ्या दिवशी अशाच गळतीनं नुकसानही झालं. स्वीडिशमध्ये 'हाल्व त्रे' म्हणजे शब्दशः अर्धे तीन, म्हणजे आपले अडीच. इंग्रजीतून तेच 'हाफ थ्री' होऊन आलं, आणि इंग्लंडात त्याचा अर्थ साडेतीन. आम्ही गाडी साडेतीनला पाठवली. म्हातारा तासभर हॉटेलच्या दारात उभा.

त्या दिवसापासून आम्ही चिनी–स्वीडिश जोडी बंदच केली. तूही दोन फोन घे. एकावर चिनी–इंग्रजी, दुसऱ्यावर इंग्रजी–स्वीडिश, आणि मधे तू. पहिल्यावर आलेलं इंग्रजी तू वाचायचं, पटलं तरच दुसऱ्यावर पुढं द्यायचं. वेळ दुप्पट लागतो, मान्य. पण तुला ना चिनी येतं ना स्वीडिश, तरी चूक पकडता येते, कारण कास्टिंग तुला कळतं.

आमचंच बघ. फिटर एका ब्रॅकेटवर बोट ठेवून म्हणाला, 'शायेन'. इंग्रजीत आलं 'ट्रॅकोमा', म्हणजे डोळ्याच्या खुपऱ्या! कास्टिंगला खुपऱ्या? चिनीत सँड होलला, म्हणजे साच्यातल्या वाळूमुळं कास्टिंगला पडलेल्या भोकाला, शब्दशः 'वाळूचा डोळा' म्हणतात, आणि खुपऱ्यांचाही उच्चार तोच, सूरसुद्धा तोच. लिहिताना अक्षर वेगळं, पण ॲपला ऐकून काय कळणार? सँड होल म्हणतोय हे माझ्या लगेच ध्यानात आलं, मी दुरुस्त करून पुढं दिलं. थेट जोडी लावली असती तर म्हाताऱ्यानं डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता विचारला असता. तेव्हा ब्लोहोल, कोअर, रायझर, सँड होल असे फौंड्रीतले पंधरा-वीस शब्द दोन्ही भाषांत आधीच कागदावर लिहून घे. बोलून नाही, लिहून. शब्द अडला की त्यावर बोट ठेवायचं.

आकडे तर तोंडी घेऊच नकोस. चिनी लोक दहा हजाराला 'वान' म्हणतात आणि त्यातच मोजतात. दहा वान म्हणजे आपला लाख, पन्नास वान स्ट्रोक म्हणजे पाच लाख. इंग्रजीला ना वान आहे ना लाख, तिथं शून्यं पडतात. स्वीडिश माणूस दशांशाला स्वल्पविराम देतो. त्यानं 1,250 लिहिलं तर ते सव्वा मिलिमीटर असू शकतं, साडेबाराशे नव्हे. पांढरा बोर्ड ठेव, आकडा लिही, एकक लिही, दोघांकडून मान हलवून घे.

आणि पडद्यावर अक्षरं उमटताहेत म्हणून लगेच वाचत सुटू नकोस. स्वीडिशमध्ये नकाराचा 'इंते' क्रियापदानंतर येतो, कधी पार शेवटी, आपल्या 'नाही'सारखा. आमच्या पडद्यावर 'मी हे मंजूर करतो' असं आलं, आमचा सुपरवायझर हसला, आणि पुढच्या क्षणी वाक्य बदलून 'करत नाही' झालं. वाक्य संपू दे, मग वाच.

साच्यातली वाळू झाडणाऱ्या शेकआऊट मशीनच्या खडखडाटात उभं राहून यातलं काही जमणार नाही. शॉपमध्ये फक्त दाखवायचं, बोलायला केबिनमध्ये यायचं. फिटर स्वतःच्या फोनमधलं ॲप काढेल, त्यावर विसंबू नकोस. वुईचॅट आणि बायडू ट्रान्सलेट जून 2020 मध्ये आपल्या सरकारनं बंदी घातलेल्या 59 चिनी ॲपांतली. फोन तुझाच दे, आणि दोन्ही भाषा आधी डाउनलोड करून ठेव, नेट गेलं तर आधार. दर, दंड, वॉरंटी यांचं बोलणं मात्र फोनवर सोडू नकोस, पुण्याहून चिनी–इंग्रजी दुभाषा एक दिवस बोलव. महागडं भाषांतर यंत्र घ्यायची गरज नाही.

एक राहिलं. तुमचा मोल्डर उत्तर स्वीडनचा असेल, तर तिकडं 'हो' म्हणताना शब्द न काढता श्वास फुर्रकन आत ओढतात. फोनला तो ऐकूच येत नाही. आमचा फिटर तोच प्रश्न तीनदा विचारत राहिला, आणि म्हातारा तीनदा श्वास आत ओढत राहिला.