मोठे लेखन अर्ध्यावर आले की स्वतःविषयीच शंका वाटू लागते. अशा वेळी उत्साह कसा टिकवावा?

नवी मुंबईतल्या एका आगरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांवर आपण चार वर्षांपासून कादंबरी लिहीत आहात, 138 पाने झाली आहेत, 1984 साली नव्या शहरासाठी जमिनी घेण्याविरुद्ध झालेल्या जासईच्या आंदोलनाच्या प्रकरणापाशी येऊन सहा महिने लेखन थांबले आहे आणि आता मागची पानेही टाकाऊ वाटू लागली आहेत, असे आपण लिहिले आहे. उत्साह कसा टिकवावा आणि ‘हे आपल्याला झेपणारे नाही’ ही भावना कशी घालवावी, हा आपला प्रश्न. मी कोणी नामवंत लेखिका नाही. ठाण्यात नौपाड्याला राहते, महापे येथील एका कंपनीच्या हिशेब विभागात सव्वीस वर्षे नोकरी करते आणि सात वर्षांपासून एक कादंबरी लिहिते आहे. तिचा दुसरा खर्डा पूर्ण झाला, तिसरा चालू आहे आणि छापून आलेले अजून एक पानही नाही. एवढ्याच भांडवलावर हे उत्तर देते आहे, हे आधी सांगितलेले बरे.

उत्साहाविषयी मला फारसे सांगता येणार नाही, कारण त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. तो पहिल्या तीस पानांपर्यंत येतो, नंतर पाहुण्यासारखा कधीतरी डोकावतो; त्याची वाट पाहत बसले असते तर माझी कादंबरी तिसाव्या पानावरच राहिली असती. शंकेविषयी मात्र मला थोडे कळले आहे, आणि तेही एका सोमवारामुळे.

माझी कादंबरी 1850 ते 1854 या काळातल्या ठाण्याची आहे. बोरीबंदर ते ठाणे हा 34 किलोमीटरचा लोहमार्ग तयार झाला आणि 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास निघालेल्या साहेब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढत सुमारे चारशे निमंत्रितांना ठाण्यात आणले, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. माझ्या कादंबरीतली आजी मात्र निमंत्रितांपैकी नाही. तिचे सोळा सोमवारांचे व्रत चालू आहे, सोळावा सोमवार नेमका त्याच दिवशी येतो, मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराच्या देवळात ती बेलाचे तबक घेऊन उभी असताना इंजिनाची शिट्टी ऐकू येते आणि तिच्या हातातले तबक हलते. या एका प्रसंगासाठी मी मागची तीन प्रकरणे रचली होती. व्रत कशासाठी धरले, सुनेशी बोलणे का बंद झाले, उद्यापनाला कोणाला बोलवायचे, हे सगळे त्या सोमवाराकडे सरकत होते.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे आहे. तिथे 1882 साली छापलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर चाळत मी अनेक शनिवार काढले आहेत. तिथे नियमित येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी ती प्रकरणे वाचायला दिली होती. आठवड्याने त्यांनी कागद परत केले, भाषेविषयी दोन चांगले शब्द बोलले आणि चष्मा पुसत म्हणाले, “ताई, एक विचारू का? सोळा एप्रिलला शनिवार होता. आपली आजी सोमवार कसा करते आहे?”

मी म्हटले, “काका, नक्की?” त्यांनी वहीच्या मागच्या पानावर वर्षे, लीप वर्षे आणि सातने भागून उरणारी बाकी मांडून दाखवली. शनिवारच होता.

ही चूक किती मोठी होती? हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एका नोंदीची तारीख चुकली होती. पण घरी येताना मला वाटले ते असे की, जिला वारसुद्धा तपासता आला नाही तिने इतिहासावर कादंबरी लिहू नये. पहिल्या प्रकरणातले भातगिरणीचे वर्णनही चुकलेलेच असणार. आपल्याला भाषा तरी येते का. आणि मुळात हिशेबनिसाने या भानगडीत पडावेच कशाला. तलावपाळीपासून नौपाड्यापर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात एका वाराच्या चुकीवरून मी माझ्या आयुष्याचा निकाल लावून मोकळी झाले होते. कागद कपाटात गेले आणि आठ महिने बाहेर आले नाहीत.

भातगिरणीचे वर्णनही खरोखरच चुकलेले होते, हे नंतर कळले. त्या काळच्या ठाण्यात भात उखळात कांडले जाई आणि मी गिरणी घातली होती. पण ते दुरुस्त करायला एक संध्याकाळ पुरली.

आठ महिन्यांनी मार्च आला. आमच्या विभागात मार्चअखेर म्हणजे रात्री नऊ-दहापर्यंत बसणे, पावत्यांची फाइल आणि डोकेदुखी. त्या धबडग्यात नव्याने लागलेल्या एका मुलाने मला विचारले, “मॅडम, आपण ताळेबंद दर महिन्याला काढला तर मार्चमध्ये इतका त्रास होणार नाही ना?” मी त्याला समजावले की महिन्याचा गोषवारा जरूर काढावा, पण खरा ताळेबंद वर्षाच्या शेवटीच काढायचा, कारण मधल्या कुठल्याही दिवशी तो काढला तर काही बिले यायची असतात, काही येणी वसूल व्हायची असतात, माल अर्धवट तयार असतो, आणि चांगला चाललेला धंदाही त्या दिवशी बुडीत दिसू शकतो. हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आले की कादंबरीच्या बाबतीत मी इतकी वर्षे रोज संध्याकाळी ताळेबंद काढत आले होते. अर्धे शिजलेले अन्न रोज चाखायचे आणि रोज म्हणायचे, आपल्याला स्वयंपाक येत नाही.

म्हणून 1 एप्रिलपासून मी कादंबरीची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही, ठेवायला लागले. लांबट आकाराची, कापडी पुठ्ठ्याची, लाल रेघांची वही बाजारात अजून मिळते. तिच्यात चार रकाने केले: तारीख, कुठे बसून लिहिले, शब्द किती, आणि शिल्लक. चौथा रकाना महत्त्वाचा आहे. हिशेबाच्या वहीत काल संध्याकाळची अखेरची शिल्लक हीच आज सकाळची आरंभीची शिल्लक असते. कोऱ्या पानाने दिवस कधी सुरू होत नाही. तसेच मी लेखन आटोपून उठण्याआधी त्या रकान्यात उद्याचे पहिले काम एका ओळीत लिहून ठेवते. ‘सून विहिरीवरून परत येते, घागर रिकामी आहे, का ते सांगायचे नाही’ अशी ती ओळ असते. सकाळी ठाण्याहून वाशीच्या गाडीत जागा मिळाली तर कोपरखैरणेपर्यंतच्या वीस-बावीस मिनिटांत त्या ओळीपासून पुढे जाता येते. जागा नाही मिळाली तर उभ्या उभ्या ती ओळ मनात घोळवता तरी येते. ‘आज मी काय लिहू’ हा प्रश्न पडतो तिथेच ‘मी लिहू शकते का’ हा प्रश्न शिरतो, असा माझा अनुभव आहे. पहिल्याचे उत्तर आदल्या दिवशी दिलेले असले की दुसऱ्याला दार मिळत नाही.

पहिल्या वर्षी 365 पैकी 171 दिवस नोंद झाली, एकूण शब्द 46,000च्या जवळपास झाले, म्हणजे बसले त्या दिवसाला सरासरी 270. रोज लिहावे असा उपदेश मी करत नाही; माझेच निम्म्याहून अधिक दिवस कोरे आहेत, त्यांत सासूबाईंचे आजारपण आहे, दोन लग्ने आहेत आणि निव्वळ आळसही आहे. मात्र कोऱ्या दिवसांची नोंद मी करत नाही. रोजकीर्दीत व्यवहार झाला तरच नोंद होते. जो झाला नाही त्याबद्दल कोणी तिच्यात दुःख व्यक्त करत नाही.

सहज गंमत म्हणून मी काही महिने शब्दांच्या आकड्याशेजारी ‘ब’ किंवा ‘वा’ असे लिहीत होते. त्या दिवशी लिहिताना बरे वाटले की वाईट, एवढेच. वर्षअखेरीस त्यांतली वीस पाने टंकून काढली, खुणा झाकल्या आणि कुठले पान कुठल्या दिवसाचे हे ओळखायचा प्रयत्न केला. नऊ वेळा चुकले. इतके तर नाणे उडवूनही जमते. त्या वेळी आलेली ‘हे टाकाऊ आहे’ ही खात्री पानाविषयी काहीच सांगत नव्हती, हे मला माझ्याच वहीने दाखवले, म्हणून मी ते मानले; दुसऱ्या कोणी सांगितले असते तर मानले नसते.

तरीही शंका येणारच, आणि सगळ्याच शंका खोट्या नसतात. त्या काकांची शंका सोळा आणे खरी होती. अशा शंकांसाठी आमच्या धंद्यात एक जुनी सोय आहे, ती म्हणजे उचंत खाते. रक्कम आली आहे किंवा गेली आहे, पण ती नक्की कुठल्या खात्यात घालायची ते कळत नाही, तेव्हा ती उचंत खात्यात टाकतात आणि काम पुढे चालू ठेवतात. ती रक्कम विसरायची नसते, पण तिच्यासाठी दिवसभराचे काम थांबवायचेही नसते. रोजकीर्दीची मागची पाने मी उचंत म्हणून राखली आहेत. ‘प्रकरण 9: 1851 साली ठाण्याच्या घरात रॉकेलचा दिवा?’ असा प्रश्न पान क्रमांकासह तिथे टाकते आणि मजकुरात दिवा तसाच जळत ठेवते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ग्रंथसंग्रहालयात बसून उचंत खाते निरस्त करायचे. रॉकेल मजकुरातून काढले; तिथे आता एरंडेलाचा दिवा आहे.

या पद्धतीचा खरा फायदा मला उशिरा कळला. उचंतीत टाकायची तर शंका प्रश्नाच्या रूपात मांडावी लागते, शेजारी पान क्रमांक लागतो, आणि कितीतरी शंका तिथेच गळून पडतात. ‘मला जमणार नाही’ याला पान क्रमांक कोणता द्याल? ‘लोक हसतील’ ही कुठल्या प्रकरणाची नोंद? अशी वाक्ये मनात येतात तेव्हा मी आता कादंबरीकडे पाहत नाही, घड्याळाकडे आणि दिनदर्शिकेकडे पाहते. बहुतेक वेळा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात किंवा मार्च चालू असतो.

वाचक कमी ठेवा. माझे यजमान प्रत्येक प्रकरणाला ‘छान आहे’ म्हणतात. ते प्रेम आहे, त्याचा आदर करावा आणि त्यावर अवलंबून राहू नये. आता मी कोणाला पाने देते तेव्हा मत मागत नाही. कंटाळा कुठे आला तिथे पेन्सिलने खूण करा, एवढेच सांगते.

आपल्याला कोणीतरी धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांचे उदाहरण दिले आणि त्याने आणखी खचल्यासारखे झाले, असेही आपण लिहिले आहे. मोठ्यांची उदाहरणे अशीच चुकीच्या टोकाने दिली जातात. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 साली आणि पाचवा 1962 साली निघाला, पुढच्या वर्षी भारतरत्न मिळाले, हे सांगून आपल्यासारख्यांचा काय उपयोग? मला उपयोगी पडली ती दुसरी गोष्ट: उच्च न्यायालयातली वकिली सांभाळून ते एका जुन्या संस्कृत ग्रंथाची आवृत्ती तयार करत होते, तिला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहावी असे त्यांच्या मनात आले, आणि ती प्रस्तावना हाताबाहेर वाढत गेली. हजारो पानांचे काम आपण अंगावर घेतो आहोत, हे सुरुवातीला त्यांनाही ठाऊक नव्हते.

आता आपले अडलेले प्रकरण. आपले आजोबा त्या मोर्चात होते, आपण नव्हता, म्हणून ते लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे का, असे आपण विचारता. मला वाटते इथे दोन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. एक उचंतीत टाकण्याजोगी आहे: 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत कुठे काय घडले, माणसे कुठून निघाली, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले ते कोणत्या ठिकाणी, आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचे शब्द कोणाला जसेच्या तसे आठवतात. यांची उत्तरे जासई-उरण परिसरात अजून माणसांजवळ आहेत आणि ती माणसे सत्तरी ओलांडलेली आहेत, म्हणून हे काम सहा महिने पुढे ढकलू नका. दुसरी शंका अधिकाराची आहे, आणि तिला पान क्रमांक नाही. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले; त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहून आपण हे लिहीत आहात आणि पहिल्या 137 पानांत तो प्रश्न आपल्याला आडवा आला नाही. तो रक्त सांडते त्याच पानाशी आला. तिथे भीती वाटणे मला योग्यच वाटते.

माझ्या सोमवाराचे पुढे काय झाले, तेही सांगते. आजीचे उद्यापन मी दोन दिवस पुढे नेले. गाडी आली तो शनिवार ती घरात तांदूळ निवडत काढते आणि सोमवारी देवळात जाते, तेव्हा सगळे गाव त्या गाडीविषयीच बोलत असते आणि तिने ती पाहिलेलीच नसते. तबक आता हलत नाही; तो प्रसंग गेला, आणि तो मला अजूनही आवडतो. तीन प्रकरणांत मिळून सव्वा पान बदलावे लागले.

आपल्या आजोबांना मोर्च्याच्या मध्यभागी उभे करू नका. आदल्या रात्री घरातून निघताना दाखवा आणि शिल्लकेच्या रकान्यात तेवढीच ओळ लिहा. वार मी काकांच्या पद्धतीने मोजून पाहिला आहे: 16 जानेवारी 1984 रोजी सोमवार होता.