इन्सुलिन भरपूर, तरी साखर जास्त कशी?

प्रश्न : वय ४६, वजन ५८ किलो, अंगाने बारीक. चहातली साखर केव्हाच सोडली. तरी उपाशीपोटी साखर ११८ आली. म्हणून इन्सुलिनही तपासलं, तर तेही मर्यादेपेक्षा जास्त! लॅबने घोळ घातला असेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लॅबला दोष देऊ नका. हे दोन्ही आकडे सुखाने एकत्र नांदतात. मी जीवरसायनशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलं नेमकी इथेच अडायची, कारण ‘इन्सुलिन म्हणजे पेशीची किल्ली’ हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. मला ते कधीच पटलं नाही. इन्सुलिन फक्त बाहेरून बेल वाजवतं. दार आतल्यांनी उघडायचं असतं.

स्नायूच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्या बेलच्या बटणाला, इन्सुलिन चिकटलं, की रिसेप्टरचा आतला भाग आयआरएस नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतो. तिथून पीआय-३ कायनेज, मग एकेटी, अशा आणखी दोन प्रथिनांमार्फत निरोप पुढे सरकतो आणि आत साठवलेलं ग्लुट-४ हे प्रथिन पृष्ठभागावर येतं. ग्लुकोज आत घेण्याचं काम त्याचं. स्नायूत आणि यकृतात चरबी साचू लागली, की हा निरोप सुरुवातीलाच, आयआरएसच्या आसपास अडखळतो. साखर रक्तातच राहते, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. तुमच्या रिपोर्टात दिसलं ते हेच. यकृत तर भारी बेरकी! ‘साखर बनवणं थांबव’ हा निरोप ते कानाआड करतं, पण ‘चरबी बनव’ हा मात्र इमानदारीने पाळतं. तुमचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) किती आहेत, तेही बघून घ्या.

बारीक माणसाच्या अंगात चरबी कुठून, असं तुम्ही म्हणाल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा आपल्याकडच्या माणसांना असा फसवतो. तुम्ही कमरेचा घेर मोजा.

११८ म्हणजे अजून मधुमेह नव्हे. उपाशीपोटी १२६ पासून तो धरतात. नुसती चहातली साखर सोडून भागत नाही, भाताचा दुसरा वाढा आणि संध्याकाळचा फरसाणही त्याच हिशेबात येतो. व्यायामाबद्दल मात्र मी आग्रहाने सांगते. स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही वर येतं. तो मार्ग वेगळा आहे, आयआरएसला वळसा घालून जाणारा. म्हणून जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाला. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा वजनं उचलणं ठेवा, कारण ग्लुकोजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायूच. गोळी लागेल की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, करा. इन्सुलिनची तपासणी डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय पुन्हा करू नका; तिच्यावाचून काही अडत नाही आणि ती स्वस्तही नसते.