निर्वासित आणि गावकरी पैशांशिवाय कामाची अदलाबदल करू शकतात का?

करू शकतात, आणि आपल्याकडे हे नवं नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाताच्या रोवणीला आज मी तुमच्या बांधीत चिखलात उतरलो, तर परवा तुम्ही माझ्या. टाइम बँकेत, म्हणजे पैशांऐवजी कामाचे तास देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या गटात, हाच हिशेब वहीत चढतो: तासाला तास, शिवणकाम असो की भाषा शिकवणं. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांना पहिलं वर्षभर सहसा पगारी काम करता येत नाही, तिथे ही वही कामी येते.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. अशा ठिकाणी विणकाम शिकवण्याच्या बदल्यात मराठी अर्ज लिहून देणं सहज जमेल. फक्त बेत उन्हाळ्यात आखा. हिवाळ्यात बरेच तिबेटी स्वेटर विकायला शहरांत गेलेले असतात.